फ्रान्सच्या रानातले गडगे

कुणी मला विचारलं ना की फ्रान्सला कधी येऊ, तर मी सांगते ऑक्टोबरच्या शेवटी ये, आणि पॅरिस दोन-तीन दिवसांत उरकून खाली दक्षिणेकडे ये, लॉट नावाच्या जिल्ह्यात. बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंच नसतं. पॅरिस, मग आल्प्स नाहीतर नीसचा समुद्र, मग परत पॅरिस आणि विमान, असा सगळ्यांचा ठरलेला प्लॅन, आणि तोही मे-जूनमधे कारण तेव्हा मुलांना सुट्टी. त्यात वाईट काहीच नाही. पण मला ह्या देशाची माया लागली ती लॉटमधल्या पायवाटांवर, पानगळीच्या दिवसांत, त्यामुळे मी त्याबद्दलच लिहिणार.

आम्ही तुलूजला राहतो. तिथून मोटरवेने उत्तरेला निघालं की सव्वा-दीड तासात काओर येतं, ते जिल्ह्याचं मुख्य गाव. लॉट हे नदीचं नाव, त्यावरून जिल्ह्याचं, पण ह्या मुलखाचं जुनं नाव केर्सी आणि म्हातारी माणसं अजून केर्सीच म्हणतात. काओरच्या पूर्वेला चुनखडीचं मोठं पठार पसरलंय, त्याला इथे कॉस म्हणतात. वर पाणी टिकतच नाही, पडलं की दगडातल्या भेगांतून थेट खाली जातं, म्हणून नद्या खोल दरीत आणि वर पठारावर पातळशी माती, पांढरे दगड आणि बुटके ओक. हिरवागार फ्रान्स डोक्यात ठेवून आलेल्या माणसाला हे उजाड वाटू शकतं. मला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं कारण माझं माहेर राजापूरकडचं, सड्यावर वाढलेली मुलगी मी, पायाखाली कातळ असला की बरं वाटतं.

आता शरदातले रंग. इथे पोस्टरसारखं सगळं एकदम चकाचक नसतं बरं का, कॉसवर रंग तुकड्या-तुकड्यांनी येतो. फुस्ते नावाचं एक झुडूप आहे ते दगडी उतारांवर असं लाल पेटतं की लांबून वाटावं कुणी काहीतरी सांडलंय. मोंपेलिए मेपल नावाचं छोट्या तीन बोटांच्या पानांचं झाड आधी पिवळं होतं मग नारिंगी. आणि ओक मात्र हट्टी, इथला जो लवदार पानांचा ओक आहे त्याची पानं वाळून तपकिरी होतात पण झाडावरच राहतात, पार वसंतात नवीन पालवी येईपर्यंत, आणि वारा सुटला की ती वाळकी पानं सगळीकडून खुळखुळतात, रानात एकटं चालत असलं तरी कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं. बॉक्सवुडची झुडपं मात्र बघवत नाहीत. मागच्या काही वर्षांत आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती खाऊन टाकली, वाटेच्या दोन्ही बाजूला नुसते करडे सांगाडे उभे असतात काही ठिकाणी. कुठे कुठे बुंध्यातून परत फुटतायत, ते बघितलं की मी थांबतेच.

पण मला जे सांगायचंय ते रंगांबद्दल नाहीच खरं.

उन्हाळ्यात ह्याच वाटांवर चाललं तर दोन्ही बाजूला नुसतं हिरवं रान दिसतं. ऑक्टोबरमधे झुडपं विरळ होतात, वेली वाळतात, आणि मग रानाच्या आत भिंती दिसायला लागतात. एक नाही दोन नाही, जिकडे बघाल तिकडे. कंबरेएवढ्या, छातीएवढ्या, चुना नाही माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. आमच्याकडे ह्याला सरळ गडगा म्हणतात. आणि हे गडगे ओकच्या दाट रानातून चाललेले असतात, सरळ रेषेत, मधेच काटकोनात वळतात, मधे एक फट असते जिथून कधीतरी गाडी किंवा मेंढ्या आत-बाहेर करत असणार. आत काय आहे तर ओक. बाहेर काय आहे तर ओक. मग भिंत कशासाठी? पहिल्यांदा चालताना मला खरंच कळेना, रानाला कोण कुंपण घालतं.

उत्तर असं की हे रान नव्हतंच. हे मळे होते, द्राक्षाचे, गव्हाचे, मेंढ्यांच्या चराईचे. काओरची काळसर लाल वाइन शेकडो वर्षं ह्या पठारावरून आणि दरीतून नदीने बोर्दोपर्यंत जात होती. मग १८७० च्या दशकात फिलोक्सेरा पोचला, अमेरिकेतून आलेला अगदी बारीक किडा, द्राक्षवेलीची मुळं खातो, आणि त्याने सगळ्या फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. दरीतले काही परत उभे राहिले, कॉसवरच्या पातळ मातीतले नाही. लोक निघून गेले, शहरात, रेल्वेत, कारखान्यात, काहीजण पार समुद्रापलीकडे. मग पहिलं महायुद्ध आलं आणि उरलेल्या तरण्या पोरांना घेऊन गेलं. १८५० च्या सुमाराला ह्या जिल्ह्यात जवळजवळ ३ लाख माणसं राहायची, आज पावणेदोन लाख आहेत. पावणेदोनशे वर्षांत देशाची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली आणि ह्या जिल्ह्याची इतकी घटली. सोडलेल्या मळ्यात आधी जुनिपर आला, मग ओक आला, आणि गडगे तसेच राहिले कारण दगड कुठे जाणार.

हे समजल्यावर ते रान मला वेगळंच दिसायला लागलं. एकेक दगड कुणीतरी जमिनीतून काढलाय, म्हंजे नांगराला आडवा येऊ नये म्हणून वेचलाय आणि बाजूला रचलाय, पिढ्यानपिढ्या. वाटेत मधेच छोट्या गोल झोपड्या लागतात, त्याही नुसत्या दगडाच्या, वर छपरसुद्धा दगडाचंच, एकावर एक आत सरकवत नेलेलं. त्यांना काझेल किंवा गारिओत म्हणतात. पाऊस आला की मेंढपाळ, मळ्यातली माणसं आत बसायची, अवजारं ठेवायची. मी एकीत बसून डबा खाल्लाय, बाहेर भुरभुर पाऊस आणि आत एक थेंब नाही, शंभर-दीडशे वर्षांचं छप्पर असेल, कुणी डागडुजी केलेली नाही तरी.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पण हेच आहे ना. आजोबांच्या वेळी ज्या वरकस जमिनीत नाचणी, वरी व्हायची तिथे आता करवंदीच्या जाळ्या आणि ऐनाची झाडं आहेत, आणि मधून गडगे चाललेत. घरं बंद. मंडळी विरार, डोंबिवली, नालासोपारा. गणपतीला कुलूप निघतं, शिमग्याला निघतं, मे महिन्यात पोरं येतात. इथे केर्सीमधे घराच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात, त्या उघड्या दिसल्या की समजायचं माणसं आलीयत, आणि त्या उघडतात ऑगस्टमधे आणि मग परत तूसँच्या सुट्टीत, म्हंजे १ नोव्हेंबरच्या आजूबाजूला शाळांना जी दोन आठवड्यांची सुट्टी असते तेव्हा. नातवंडं तुलूजहून, पॅरिसहून आजीकडे येतात, धुराडी पेटतात, गावातून ओकच्या लाकडाच्या धुराचा वास यायला लागतो. मला तो वास फार आवडतो. कपड्यांना लागतो, घरी तुलूजला येईपर्यंत टिकतो.

म्हणून मी म्हणते शरदात या. जुलै-ऑगस्टमधे गाव पाहुण्यांसाठी सजलेलं असतं. सँ-सिर्क-लापोपीचंच घ्या, नदीपासून खूप उंच कड्यावर लटकलेलं मध्ययुगीन गाव, वस्ती दोनशेच्या आसपास आणि वर्षाला येणारे लोक लाखांत, २०१२ मधे टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्रान्सचं सगळ्यात लाडकं गाव म्हणून निवडून आलं होतं. उन्हाळ्यात तिथे आइस्क्रीमच्या रांगेतून वाट काढावी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर निम्मी दुकानं बंद, गल्लीत एक मांजर, एक आजोबा सरपण रचतायत, आणि चालता चालता तुम्हाला घरांच्या खालच्या मजल्यावरच्या मोठ्या कमानी दिसतात. त्या कारागिरांच्या दुकानांच्या कमानी. ह्या गावात पूर्वी लाकूड कातणारे राहायचे, बॉक्सवुडच्या लाकडापासून वाइनच्या पिंपांच्या तोट्या करायचे. गर्दीत हे कधी दिसलंच नसतं मला, मान वर करायला जागा कुठे असते.

तिथे जायची माझी आवडती वाट म्हंजे गाडी खाली बुझिएस गावात ठेवायची आणि नदीकाठाने चालत जायचं. १८४० च्या दशकात इथे कड्याच्या पायथ्याशी खडकात एक वाट कोरली, अर्धी गुहा असल्यासारखी, डोक्यावर कडा आणि बाजूला पाणी. होड्या प्रवाहाविरुद्ध दोराने ओढत न्यायच्या, त्या ओढणाऱ्या माणसांसाठी आणि घोड्यांसाठी ही वाट. मग १८८६ मधे ह्या खोऱ्यातून रेल्वे आली आणि होड्या संपल्या. पुढे त्या रेल्वेच्या प्रवासी गाड्याही संपल्या. वाट राहिली. सकाळी नऊ-दहापर्यंत नदीवर इतकं धुकं असतं की पलीकडचा काठ दिसत नाही, आवाज मात्र येतात, बदकं, एखादा कुत्रा, आणि पाण्यात टपटप पडणारी पॉपलरची पानं.

चालायला जाणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी सांगून ठेवते. झाडावर किंवा दगडावर पिवळी पट्टी दिसली तर ती छोटी गोल वाट, दोन-चार तासांत परत गाडीपाशी आणणारी. वर पांढरी खाली लाल अशी पट्टी म्हंजे लांब पल्ल्याची वाट, त्यातली ६५ नंबरची फिजाक, काजार्क, लिमोन्य, वारेर, काओर अशी करत स्पेनमधल्या सँटियागोपर्यंतच्या यात्रेला जाते, ऑक्टोबरमधेही यात्रेची खूण म्हणून पाठीवर शिंपला बांधलेले यात्रेकरू भेटतात. फुलीची खूण दिसली की ती वाट आपली नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग सहाच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा सकाळीच निघा. आणि शिकारीचा सीझन सुरू असतो, रानडुकरांसाठी हाका घालतात, बहुतेक शनिवार-रविवारी. वाटेच्या तोंडाशी शिकार चालू असल्याचा बोर्ड असेल तर दुसरी वाट धरा, आणि नसला तरी अंगात भडक नारिंगी जॅकेट असू द्या. ह्यात धाडस दाखवण्यासारखं काही नाही. मी शिकाऱ्यांशी थांबून बोलते, कुठल्या बाजूला आहात विचारते, तेही नीट सांगतात, आणि बहुतेक वेळा गप्पा अक्रोड यंदा कसा झालाय इथवर जातात. हो, आणि रस्त्यावर पडलेले अक्रोड बघून हात शिवशिवले तरी उचलू नका, झाड कुणाचं तरी असतं आणि अक्रोड हे इथे पीक आहे. आपल्या फणसाखाली कुणी अनोळखी माणूस पिशवी घेऊन आला तर आपल्याला कसं वाटेल.

मेंढ्या भेटल्या तर जवळून बघा. इथली जात पांढरी असते आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, अगदी गॉगल लावल्यासारखी, पांढऱ्या दगडांवरून परत येणाऱ्या उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून देवाने दिला असं इथले लोक सांगतात.

एका ऑक्टोबरमधे आई आली होती. तिला मी आयफेल टॉवर दाखवला, छान आहे म्हणाली. मग आम्ही तिला लॉटला घेऊन आलो, रविवारी सकाळी लिमोन्यच्या बाजारात, चर्चच्या आसपास टेबलं मांडलेली, बकरीच्या दुधाचं छोट्या चकतीचं चीज, लाल भोपळे, चेस्टनट, मधाच्या बाटल्या, आणि आई प्रत्येक टेबलापाशी उभी राहून भाव विचारायला लावत होती मला. त्या बाजारात आधी बोंजूर म्हणायचं, मग बोलायचं, हे तिने पाचव्या मिनिटाला उचललं आणि नंतर माझ्या आधी तीच म्हणायला लागली. बोंजूर मादाम, आणि पुढे मराठी. समोरच्या आजीबाई पण त्यांच्या भाषेत उत्तर देत होत्या, दोघींचं नीट चाललं होतं.

तिथून आम्ही एका शेतावर गेलो केशर बघायला. हो, केशर. कॉसवर मध्ययुगात केशर व्हायचं, मग बंद पडलं, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी इथल्या काही शेतकऱ्यांनी जुने कंद शोधून परत लावायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या शेवटी काजार्कला केशराची जत्रा भरते. हे पीक सगळ्या पिकांच्या उलट्या वेळापत्रकाचं, उन्हाळाभर जमिनीत झोपलेलं असतं, ऑक्टोबरच्या मध्यावर आधी फूल येतं, पानं थंडीत वाढतात. निचरा होणारी चुनखडीची माती त्याला मानवते. पंपोरला काश्मीरमधे अगदी ह्याच दिवसांत वेचणी चालू असते.

शेत म्हणावं तर केवढं, आपल्या परसाएवढं. साठीच्या बाई, गुडघ्यांना जाड पॅड बांधून, सकाळच्या दवात ओणव्याने जांभळी फुलं खुडत चालल्या होत्या. फूल पूर्ण उमलायच्या आत खुडायचं, उन्हाने ते मलूल होतं. मग स्वयंपाकघरात टेबलावर सगळी टोपली ओतायची आणि बसायचं. प्रत्येक फुलात तीन लाल काड्या, त्या नखाने बुडाशी बरोबर तोडायच्या, पिवळा भाग येऊ द्यायचा नाही, आणि हे त्याच दिवशी संपवायचं, उद्यावर ठेवता येत नाही. म्हणून शेजारपाजारच्या बायका येऊन बसतात. दीडशे ते दोनशे फुलं सोलली की वाळून एक ग्रॅम होतं. आई पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि मग खुर्ची ओढून बसलीच. ती आयुष्यभर कडवे वाल सोललेली बाई, तिचा हात असा बसला की त्या शेतकरीण बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ह्यांनी हे आधी केलंय का? मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, केशर विकत आणायची ऐपत पण आत्ता आत्ता आली, सोलायचं कुठून."

मी ते तसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात थांबवले आणि म्हणाल्या की त्यांच्या आईनेही अख्ख्या आयुष्यात केशर खाल्लं नव्हतं, ह्याच घरात राहून. मेंढ्या, थोडे अक्रोड, थोडा ट्रफल म्हंजे ओकच्या मुळांशी जमिनीखाली सापडणारी अळंबी, एवढ्यावर चाललं. त्या स्वतः पोस्टात नोकरी करून रिटायर झाल्या तेव्हा हे सुरू केलं. तुलूजला फ्लॅट घ्यायचा की इथेच राहायचं असं होतं, मुलं म्हणत होती या, पण मग ही जमीन रानात जाईल म्हणून राहिल्या. आई म्हणाली आमचे धाकटे दीर पण तसेच राहिलेत गावाला, एकटेच. मग दोघी बराच वेळ काहीच न बोलता सोलत बसल्या आणि मी पण. निघताना त्यांनी आईच्या हातात छोट्या काचेच्या नळीत थोडं केशर दिलं, पैसे घेईनात. कोजागिरी नुकतीच होऊन गेलेली, तरी घरी आल्यावर आईने दूध आटवलं.

त्याच आठवड्यात दिवाळी होती आणि दुकानांच्या बाहेर शेवंतीच्या कुंड्यांच्या राशी लागलेल्या, पिवळी, पांढरी, गडद किरमिजी, एकेक कुंडी कवेत न मावणारी. आई हरखून गेली, लक्ष्मीपूजनाला घेऊया म्हणाली. इथे शेवंती म्हंजे फक्त स्मशानाची. १ नोव्हेंबरला तूसँ, त्या दिवशी अख्खा देश आपापल्या गावच्या कबरी धुवायला जातो, आणि प्रत्येक कबरीवर शेवंतीची कुंडी. कुणाच्या घरी जेवायला जाताना चुकूनही शेवंती न्यायची नाही. मी आईला हे सांगितलं. तिने विचार केला आणि दोन कुंड्या घ्यायला लावल्या. एक घरी लक्ष्मीपुढे ठेवली. दुसरी लॉटला घेऊन जाऊ म्हणाली, ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्यासाठी.

तर आम्ही गेलो. केर्सीतल्या लहान गावांची दफनभूमी गावाबाहेर, चार भिंतींच्या आत, सायप्रसची एक-दोन झाडं. आदल्या दोन दिवसांत सगळे येऊन गेलेले, दगड घासून स्वच्छ, रंगच रंग. बायका बादल्या भरून पाणी नेत होत्या, एक आजोबा बाकावर बसून ज्या कुणाला भेटायचं होतं त्याच्याशी मोठ्यांदा बोलत होते. मागच्या भिंतीशी जुन्या कबरी होत्या, नावं पुसलेली, लोखंडी क्रॉस वाकलेले, तिथे फुलं नव्हती. आईने कुंडी तिथे ठेवली आणि हात जोडले. बादलीवाली एक बाई जवळ आली, आम्ही कोण काय काही विचारलं नाही, तिच्याकडचं उरलेलं पाणी कुंडीत घातलं आणि गेली.

ह्या गावांमधून चालताना आणखी एक गोष्ट चुकवून चालत नाही. चर्चपाशी किंवा चौकात एक दगडी खांब असतो, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं. वस्ती आज शंभर-सव्वाशे आणि खांबावर वीस-पंचवीस नावं. एकच आडनाव तीनदा, चारदा, म्हंजे भाऊ-भाऊ, चुलतभाऊ. फ्रान्सचे साधारण १४ लाख सैनिक त्या युद्धात गेले आणि त्यातले ढीगभर ह्या अशाच खेड्यांतले शेतकरी. ११ नोव्हेंबरला सकाळी गावचे मेअर तिरंगी पट्टा लावून येतात, एकेक नाव वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर मुलं म्हणतात की फ्रान्ससाठी मरण पावला. मी दोन-तीन गावांत त्या कार्यक्रमाला उभी राहिलेय. कुणी परकी बाई म्हणून बघत नाही, उलट नंतर गावच्या हॉलमधे थोडी वाइन घ्यायला बोलावतात. एकदा मी तिथे सांगितलं की भारतीय सैनिक पण ह्या देशात लढले, उत्तरेला नव-शापेलला त्यांचं स्मारक आहे, आणि आमच्या साताऱ्याजवळच्या एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आपशिंगे, घराघरातून माणूस गेलेला. ते सगळे थांबून ऐकत होते. एका बाईंनी मला ते गाव नकाशावर दाखवायला लावलं.

मग मला वाटतं गडग्यांचा अर्थ पूर्ण लागतो. ज्याने रचायचं, कोसळलं तर सावरायचं, तो त्या खांबावर आहे.

ह्याच दिवसांत कधीतरी, बहुतेक ऑक्टोबर सरताना, वरून क्रौंच जातात. आधी आवाज येतो, घोगरा, लांबून, मग मान वर करून शोधायचं. हजारोंनी, बाणाच्या टोकासारख्या ओळीत, जर्मनी-स्वीडनकडून स्पेनकडे. बाजारात, बेकरीच्या दारात, शेतात, माणसं हातातलं काम थांबवून बघतात. आता थंडी आली म्हणतात.

गेल्या शरदात मी एका गावात गडगा बांधायला शिकले. कॉसवरच्या गावांत हल्ली असे वर्ग भरतात, वीकेंडला, फी किरकोळ, दुपारचं जेवण सगळ्यांनी आणलेलं एकत्र. युनेस्कोने २०१८ मधे फ्रान्ससकट आठ देशांच्या ह्या कोरड्या दगडी बांधकामाला मान्यता दिली, त्यानंतर पोरंसोरं पण यायला लागलीत. शिकवणारे आजोबा पंच्याहत्तरीचे. आधी पडलेली भिंत उकलायची, दगड आकाराप्रमाणे लावायचे, मोठे जवळ, छोटे लांब, चिपा वेगळ्या. पाया खणायचा. मग दोन्ही बाजूंनी दोन भिंती एकदम वर न्यायच्या, किंचित आत कललेल्या, आणि मधली पोकळी चिपांनी हाताने भरायची, फावड्याने नाही. सांधेमोड पाळायची, म्हंजे खालच्या दोन दगडांच्या फटीवर वरचा दगड बसला पाहिजे, फटीवर फट आली की भिंत तिथूनच फुटणार. अधूनमधून आरपार लांब दगड. आणि हातात घेतलेला दगड परत खाली टाकायचा नाही, त्याची जागा शोधायचीच. संध्याकाळपर्यंत आम्ही आठ-नऊ जणांनी मिळून जेमतेम तीन मीटर बांधलं असेल. बोटांची सालं निघाली. इतकं समाधान मला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं.

रात्री मी काकांना फोन केला, राजापूरला. त्यांना व्हिडिओ पाठवला होता आधी. ते म्हणाले, "बघितला गो. दगड बरो हा त्यांचो, चपटो. आपलो गोलाटो, बसूक त्रास देता." मग आम्ही बराच वेळ त्यावरच बोललो, की आपल्याकडे पाऊस एवढा, पायाला पाणी जायला वाट ठेवावी लागते, ती कुठे ठेवायची, आणि वरच्या अंगाचा गडगा दोन ठिकाणी बसलाय तो आधी घ्यायचा की खालचा. वरचा, ते म्हणाले, तिथून गुरं आत येतात आणि काजूची रोपं खातात. मी मे महिन्याची तिकिटं काढलीयत. पहिला पाऊस पडायच्या आत व्हायला पाहिजे, काका गडी बघून ठेवणार आहेत, मिळाला तर ठीक, नाहीतर आम्ही दोघं आहोतच, आणि विरारच्या चुलतभावांनाही मी ग्रुपवर तारखा टाकून ठेवल्यात.